शेवटची सायकल

न्यायमंदिरापाशी जमलो तेव्हा पावणेअकरा.
सुरसागरात दिवे उलटे उभे, पाणी निवांत.
चौदा सायकली, एक पंप.
पंप माझ्याकडे, म्हणून मी शेवटी.
शेवटच्याचं काम एवढंच:
आपल्याही मागे कुणी राहत नाही ना, बघायचं.

पुढे यशोधरा खानविलकर, गळ्यात शिट्टी,
"चलो, एक लाइनमां राहा सगळे!"
हे आमचं बडोद्याचं मराठी,
कुठून कुठे गेलं ते कळत नाही, पण पोचतं.

अटलादऱ्यापाशी शहर संपलं, कुत्री सुरू झाली.
पादरा गावात भाजीचे ट्रक भरत होते;
अंधारात आधी मिरचीचा ठसका आला,
मग ट्रक दिसला.

तिथून पुढे माझ्यासमोर एकच लाल दिवा.
सुबंधू पागेदार, वय एकसष्ट, मोजणी खात्यातून रिटायर.
सायकल बिनगिअरची, कॅरियरला स्टीलचा डबा,
झाकण सैल,
खड्ड्याखड्ड्याला डबा काहीतरी बोलायचा.

मासर रोडला त्यांची चेन पडली.
बॅटरी दातांत धरून मी ती चढवली.
ते म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे.
हा रस्ता मला पाठ आहे, नकाशे काढलेत मी याचे."
हात पुसत मी विचारलं, "आणि समुद्राचे?"
"तोही काढलाय. निळ्या शाईनं.
बघायचा तेवढा राहिला."

मग बराच वेळ नुसते पॅडल.
मध्येच ते, माझ्याकडे न बघता:
"मुंबईला लग्नाला गेलो होतो दोनदा.
कार्यालयातूनच परत.
म्हटलं, तो कुठे जातोय."

वद्य अष्टमीचा चंद्र उशिरा उगवला, अर्धाच,
छोट्या गाडीचे बंद पडलेले रूळ
त्यानं गवतातून शोधून काढले
आणि थोडा वेळ आमच्याबरोबर चालवले.
जंबुसरला चहा. तीन वाजलेले.
कप हातात धरायलाच जास्त घेतला.
पुढे वेडी बाभूळ दोन्ही अंगांना, थंडी गुडघ्यांत,
आणि कावी मागे पडल्यावर ओठ खारट.
पागेदार ओठांवरून जीभ फिरवून
एकदम जोरात मारायला लागले.
पहिल्यांदाच मी मागे पडले.

पोचलो तर समुद्र नव्हता.

चिखल. क्षितिजापर्यंत चिखल,
त्यात कुशीवर पडलेली एक होडी,
आणि काठावर, बूट हातात घेऊन,
मुहूर्त टळल्यासारखं आमचं वऱ्हाड.
फिरोज पोट धरून हसला, "ए तो पाछो गयो!"
फोटो निघाले. साडेसातला टेम्पो आला.
जिगीषाचे क्लास होते, धवलची शिफ्ट.
सायकली एकमेकींत पाय अडकवून आडव्या चढल्या.

पागेदार बांधाच्या दगडावर बसले होते,
एक डोळा मिटून, अंगठ्यानं अंतर मोजत.
"येईल," म्हणाले, जसं पोस्टमनबद्दल म्हणावं.
यशोधरानं दोनदा शिट्टी वाजवली.
मी म्हटलं, व्हा तुम्ही, पंप माझ्याकडे आहे.
दुसरं कारण सुचलं नाही.

डब्यात गुळपोळ्या होत्या,
रात्रभरच्या खड्ड्यांनी चुरा झालेल्या.
चिमटीनं खाल्ल्या.
ऊन पाठीवर आलं. बगळे उठले, विनाकारण.
मग चिखलाच्या भेगा चमकायला लागल्या,
लाट नाही, आवाज नाही,
तव्यावरच्या भाकरीला पाणी फिरवावं तसं काहीतरी
लांबून इकडे सरकत होतं.
होडी कोपरावर उठली.
मग बसली.
मग, आम्ही बोलत असताना कधीतरी, हलली.

पागेदारांनी घड्याळ पाहिलं, सवयीनं.
काढून डब्यात ठेवलं, झाकण दाबलं.
पँट दुमडून घोट्यापर्यंत गेले, वाकले,
ओंजळ भरली आणि निरखत राहिले.
चहाच्या रंगाचं पाणी.

"निळा नाहीये हो," ते ओरडले,
इतके खूश, की जणू
आयुष्यभराची एक चूक आता सापडली होती.

मी मागे वळून रस्ता पाहिला, सवयीनं.
कुणी यायचं राहिलं नव्हतं.