कोपर

विहीणबाईंचं नाव मंगैयर्करसी.
बँकेत असत्या, तर सहीच्या रकान्यात मावल्या नसत्या.
एकतीस वर्षं काउंटरवर बसलेय, मला कळतं.
तेनकाशीहून आल्या त्या डब्यात मुरुक्कू
आणि पिशवीत कढीपत्त्याचं रोप घेऊन,
जसं काही कोथरूडला मिळतच नाही.
त्यांना मराठी नाही, मला तमिळ नाही,
हिंदी दोघींची सारखीच लंगडी.

रविवारी मुलांनी आम्हाला खडकीला सोडलं,
सकाळचा नऊचा खेळ.
दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेली अख्खी आळी आत,
केसांत अबोली, मांडीवर स्टीलचे थर्मास.
पडद्याखाली कुठल्याच भाषेतली अक्षरं नाहीत.
विहीणबाईंनी सिनेमा गावाकडे दोनदा पाहिलेला,
त्या विनोदाच्या आधी मला कोपर मारायच्या.
कोपर, मग विनोद, मग मी.

गोष्ट अशी: एक म्हातारा, तीन सुना, एक पाटा-वरवंटा.
भांडणात कुणाची बाजू घ्यायला नको
म्हणून म्हातारा बहिरा झालेला.
डॉक्टर फितूर. कानात यंत्र, यंत्रात सेल नाही.
सुना त्याच्यासमोर त्यालाच शिव्या घालतात,
तो पेपर उलटा धरून म्हणतो, 'आं?'
कोपर. हशा. कोपर. हशा.
बरगडी दुखायला लागली माझी.

मग धाकटी एकटीच वाटायला बसते.
आधी नुसती वरवंट्याची घरघर,
तिच्या कडेकडेने एक बासरी,
मग ती गुणगुणते
आणि मी खुर्चीत सरळ होते.
अगं, हा तर दुर्गा!
दर गुरुवारी भजनी मंडळात पेटीवर मीच धरते.
'शुद्ध सावेरी,' विहीणबाई पुटपुटल्या, नाक ओढत.
ओसरीवर म्हाताऱ्याचा अंगठा
पेपरच्या कडेवर ताल धरतो.
धाकटीला तो दिसतो.
ती गाणं थांबवत नाही.
कुणाला सांगतही नाही.

मध्यंतरानंतर थोरली फोनवर आईला म्हणाली,
मामियार जाऊन तीन वर्षं झाली,
सांबारात मीठ अजून तिच्याच हाताचं पडतं.
मी हसले.
मोठ्याने.
कोपर यायच्या आधी.

अंधारात विहीणबाईंची मान हळूच वळली.

सहा वर्षं यळिनी माझ्या स्वयंपाकघरात
फोन खांद्यात धरून आईशी बोलते.
सहा वर्षं मी तिथेच बसून भाजी निवडते.
मामियार म्हणजे सासू, हे पहिल्या महिन्यातच कळलं.
पुढचं निवडत गेले, काडी काडी.
आता काय काय ऐकलं ते विचारू नका.

रिक्षात त्या गप्प होत्या.
संचेतीच्या चौकात सिग्नलला थांबलो
तेव्हा त्यांचा अंगठा पर्सवर वाजायला लागला,
तेच गाणं, तोच ताल.
मी बाहेर बघत राहिले.

परवा त्यांचा फोन आला.
यळिनीचे हात कणकेत, म्हणून स्पीकरवर.
नेहमी घडघडा बोलणाऱ्या त्या
एकेक शब्द सुटा करून बोलत होत्या,
मी गिऱ्हाइकापुढे नोटा मोजायचे तशा.
मामियार, असं म्हणाल्या,
आणि पुढे एक शब्द, जो मला अजून येत नाही.
यळिनी खुदकन हसली, माझ्याकडे बघून.

मी मेथीची जुडी उलटी धरली
आणि म्हटलं, 'आं?'