कूस

दोन वाजले की आम्ही चौघं
एल्मारच्या खाटेभोवती उभे राहतो.
तोनू डोक्याशी. नळी त्याच्या हातात,
म्हणून हुकूमही त्याचाच.
उक्स, काक्स, कोल्म.
कोल्मला सगळे, आधी कुणी नाही.
गेल्या हिवाळ्यात मी काक्सलाच चादर ओढली होती
तर आठवडाभर तोनू माझ्याशी बोलला नव्हता.

एकशे चार किलोंचा माणूस,
स्वतःचा हातही स्वतःचा नसलेला.
तो हात आधी छातीवर ठेवायचा,
मग गुडघा वाकवायचा,
मग कान बघायचा, दुमडून राहिला
तर सकाळपर्यंत कडा काळी पडते.
चादरीची सुरकुती तळहाताने काढायची.
आपल्याला ती सुरकुती,
त्याला रात्रभर विळ्याची धार.

कुशीवर वळला की आकडा पडतो.
एक्क्याण्णव. अठ्ठ्याऐंशी. चौऱ्याऐंशी.
कुणी बोलत नाही.
काइदी खिडकीबाहेर बघते,
कुरेसारेच्या बंदरात एकही दिवा हलत नाही.
शहाऐंशी.
नव्वद.
मग आम्ही श्वास घेतो, त्याच्यानंतर.

पाठ पुसताना लालीवर अंगठा दाबते.
दाबल्यावर पांढरी झाली तर अजून वेळ आहे.
आज माकडहाडावर नाण्याएवढी लाली,
आणि दाबली तरी लालच.
तक्त्यात लिहिते. कुणाची पाळी होती ते
विचारत नाही. माझीच होती.

त्याची लेइडा संध्याकाळी उशिरा येते,
बूट दाराबाहेर काढून, ते काढायचे नसतात तरी.
पहिल्या दिवशी म्हणाली, सारखं काय हलवता त्याला,
झोपू द्या की.
चौथ्या दिवशी आपणहून सांगत बसली:
मे महिन्यात, लोकर कातरायच्या आधी,
एखादी मेंढी लोळता लोळता उताणी होते
आणि लोकरीच्या भाराने तशीच राहते.
पाय आभाळाकडे. पोट फुगत जातं.
कावळे डोळ्यांपासून सुरुवात करतात.
एल्मार रात्रीतून दोनदा उठायचा,
बॅटरी घेऊन कुरणभर फिरायचा.
नुसतं उलटवून भागत नाही, ती म्हणाली,
पायांत रक्त येईपर्यंत
गुडघ्यांत धरून उभं राहावं लागतं,
नाहीतर ती पुन्हा पडते.
शिव्या द्यायचा मेंढ्यांना, धरून ठेवून.

तेव्हापासून पाठीशी उशी लावल्यावर
आम्ही लगेच हात काढत नाही.
तसा नियम नाही कुठे.
तोनूने एकदा एल्मारला हळूच शिवी दिली,
मेंढीचीच असावी.

चारला उजवी कूस. सहाला उताणा नाही,
पुन्हा डावी, त्या लालीमुळे.
शेजारच्या खाटेवरची मुलगी हलकी आहे,
दोघं पुरतात.

सकाळी घरी जाऊन पडते तेव्हा
या कुशीवरून त्या कुशीवर
मी फुकट वळते.