‘इतर’ नावाचा रकाना

एकतीस वर्षं मी कायानीतल्या घरांचे मीटर वाचले.
बुटांवरचा बर्फ झाडायचा, टॉर्च मारायचा,
आकडा लिहून निघायचं.
कुणाकडे बाळ आलं, कुणाचा नवरा निघून गेला,
कोण रात्र-रात्र जागतंय,
शेजारणींच्या आधी मला मीटरची चकती सांगायची.

आता मीटर स्वतःच स्वतःला वाचतात.
मी निवृत्त झाले, सवय झाली नाही.
म्हणून चौकटीच्या वहीत आताशा स्वतःलाच वाचते:
सौना, तीनदाचा एकदा.
गाडी विकली. बर्फात सायकल, खिळ्यांच्या टायरची.
मांस फक्त रविवारी.
कॉफी मात्र चार कप,
पृथ्वीनेही थोडं समजून घ्यावं.

शेवटचा रकाना ‘इतर’.
कुठेच बसत नाही ते त्यात.
एका जानेवारीत तिथे लिहिला आर्मासचा फ्रीजर.

आमची घरं एका भिंतीची, तळघर एकच,
तळघराचं बिल अर्धं अर्धं.
शवपेटीएवढा लांब, ब्याऐंशी सालचा, झाकणाला गंज.
प्लगला मोजयंत्र लावून आठवडाभर ठेवलं.
आकडा बघितला आणि
माझ्या सगळ्या थंड शनिवारांची मला कीव आली.
वर मी काडी काडी वाचवत होते,
खाली हा पेंढ्याच्या पेंढ्या जाळत होता.

“आर्मास, बाहेर उणे अठ्ठावीस आहे.
अख्खं गाव फ्रीजर झालंय.
आणि तू विजेवर थंडी करतोस?”

तो बोलला नाही. झाकण उचललं.
एवढ्या मोठ्या पेटीच्या तळाशी
दुधाचे नऊ खोके, धुतलेले, ब्लूबेरीने भरलेले,
प्रत्येकावर हिल्काचं तिरकं अक्षर.
ऑगस्ट, तळ्यामागचा उतार.
ऑगस्ट, तळ्यामागचा उतार, पाऊस.
एकावर नुसतंच: डास!

हिल्का त्याच सप्टेंबरात गेली.
किती वर्षं झाली ते मी विचारलं नाही,
मीटरवालीला विचारावं लागत नाही.

म्हटलं, माझ्या फ्रीजचा वरचा कप्पा रिकामा आहे.
म्हणाला, नको.
म्हटलं, बाल्कनीत ठेवू.
म्हणाला, आणि एप्रिलमध्ये?
एप्रिलसाठी माझ्याकडे आकडा नव्हता.

फेब्रुवारीत एका रविवारी तो दारात,
हातातल्या खोक्याच्या कोपऱ्यातून जांभळं गळतंय.
“एकट्याला संपणार नाही.”
मी ओव्हन लावला, पन्नास मिनिटं, नोंद आहे.
रायच्या पिठाचा केक. चव आधी सहा वर्षांच्या बर्फाची,
मग थोडी पुठ्ठ्याची,
मग दातांमागे कुठेतरी, उशिरा, ऑगस्ट.
आम्ही निळ्या जिभांनी बराच वेळ
खिडकीबाहेर बघत बसलो.

नऊ रविवार. एप्रिल आलाच.
बाल्कनी टपटपत होती, ‘डास!’ शेवटी उघडला.
तो खोका त्याने धुतला, पण रद्दीत टाकला नाही.
मीही पुठ्ठ्याचं पिंप दाखवलं नाही.

प्लग त्यानेच काढला.
मी वजाबाकी केली, खाली दोन रेघा ओढल्या.
एवढी मोठी घट माझ्या वहीत कधीच नव्हती.

रात्री दोनला भिंतीवर टकटक.
“केर्त्तु, जागी आहेस का?
घर फार गप्प झालंय गं.”
सहा वर्षं त्या घरघरीवर झोपलेला माणूस.
मी दिवा लावला, कॉफी ठेवली,
पाचवा कप, सहावा कप,
पहाटेपर्यंत कुणी दिवा मालवला नाही.
ही वीज कुणाच्या नावावर टाकायची
ते अजून ठरलेलं नाही.

ऑगस्टमध्ये तळ्यामागच्या उतारावर गेलो, सायकलींनी.
डास होते. बादली अर्धीच भरली,
कारण निम्म्या तिथेच उभ्या-उभ्या खाल्ल्या.
येताना आर्मासची चेन दोनदा उतरली.
हात काळे, तोंड निळं,
दुसऱ्यांदा त्याने शिवी हासडली, हिल्काची,
आणि मग चेन बसली.