बुजगावणं

फेब्रुवारी. तार्तूत पावणेपाचलाच अंधारतं.
आजची सत्तावन्नावी तक्रार
हियुमा बेटावरून, युलो राग्मा नावाच्या गृहस्थांची:
"बटण मेलंय. चाळीसदा दाबलं.
कान तपासून घ्यायचेत, हापसालूच्या दवाखान्याची तारीख हवी.
दुसरा ब्राउझर घेतला तर मिळते, असं पुतणी म्हणते.
मला दुसरा घ्यायचा नाही."

मी ते पान उघडलं.
हसरी डॉक्टर, स्वच्छ भिंत, एक निळं बटण.
आणि बटणामागे
दाराला कान लावून बसायचे ते नऊ अनोळखी,
ज्यांना आम्ही आधीच हाकललं होतं.
त्याचाच तर पगार घेते मी.

पण त्या नवांतल्या एकाला
हे बटण प्रत्येक वेळी विचारायचं:
पाहिलंत का याला? नोंदवलंत? मग जाऊ द्यायचं ना पुढे?
तो आता नाही.
बटण अजून उभंच आहे, हातात कागद धरून,
साहेब गेल्याचं कुणी न सांगितलेल्या
कारकुनासारखं.

ओल्याबरोबर सुकंही जळतं.
इथं एका म्हाताऱ्याचं ऐकू येणं जळत होतं.

मी नेहमीचं उत्तर लिहिलं:
पत्त्याशेजारी छोटी ढाल दिसेल, तिच्यावर टिचकी मारा,
या पानापुरतं संरक्षण बंद होईल.
काळ्या पावाला लोणी लावेपर्यंत जबाब हजर.

"बाई, आमच्याकडे समुद्र गोठला की त्यावर रस्ता होतो.
त्या रस्त्यावर गाडीत पट्टा लावायचा नाही, असा नियम आहे.
बर्फ फुटलं तर उडी मारता यावी म्हणून.
तीस वर्षं सोडत आलोय पट्टा.
समुद्रासाठी सोडतो.
खिसे चाचपणाऱ्यासाठी मी
कोटाची बटणंसुद्धा काढणार नाही."

मी पाव तसाच ठेवला.

प्रीदिक म्हणाला, अपवादांच्या यादीत टाक ना,
एक ओळ, आणि घरी जा.
चाळणीला एक भोक जास्त, त्यानं काय होतंय?
तो चांगला माणूस आहे, मुलीला पाळणाघरातून आणायचं होतं त्याला.
पण ती यादी मी सुरुवातीपासून वाचत आलेय.
प्रत्येक ओळ कुणाच्या तरी निकडीपोटी आलेली,
आणि प्रत्येक ओळीतून
तेच नऊ जण पुन्हा आत आलेले,
पाय पुसून, सभ्यपणे.

मग मी बुजगावणं केलं.
त्या हाकललेल्याचंच नाव, त्याचाच सदरा,
आत नुसता पेंढा.
बटण विचारतं, पाहिलंत? ते म्हणतं, हो.
नोंदवलंत? हो.
जाऊ? जा की.
डोळे मी त्याला दिलेच नाहीत,
वही दिली नाही, घरी निरोप धाडायला वाटही नाही.

शेतातलं बुजगावणं पाखरांना भिववतं.
माझं कुणालाच भिववत नाही,
उलट एका भित्र्या बटणाला धीर देतं
की मालक इथेच आहेत, तू कर तुझं काम.

खोटं बोलले का मी?
बोलले. अठ्ठावीस ओळींत.
रात्री साडेनऊला तपासलं: निळं बटण दबलं,
दिनदर्शिका उघडली, बाहेर एक कणही गेला नाही.
इमारतीत फक्त मी आणि कॉफीचं यंत्र.
मी टाळी वाजवली. एकच. जरा मोठ्यानं.

पण ते लोकही झोपत नाहीत.
आठवड्याभरात सदरा बदलतील, नाव बदलतील,
प्रश्न थोडा वेगळा विचारायला शिकवतील बटणाला,
आणि माझा पेंढा
त्या प्रश्नासमोर मुका उभा राहील.
अशी सहा बुजगावणी पडलेली आहेत मागच्या वर्षातली.

शुक्रवारी युलोंची ओळ आली:
"तारीख मिळाली. अकरा मार्च.
बर्फाचा रस्ता तोवर टिकला तर गाडीनं, नाहीतर बोटीनं."

मी लिहिलं, जपून जा.
माझंही तोवर टिकलं तर,
हे लिहिलं नाही.

पुढची तक्रार उघडली.
कुणाच्या तरी पानावर नकाशा दिसत नाही.