फसलेला घाव

अजब बंगल्यात, कोपऱ्यातल्या कपाटात
गारेची कुऱ्हाड. चिठ्ठीवर : कन्हानकाठ.
वय हजारांत; किती हजार, ते शाईसोबत उडालंय.

पाट्या-वरवंट्यांना टाकी लावणारी यंकम्मा
काचेला नाक लावून म्हणाली,
"नदीतला गोटा घेतला. मांडीवर ठेवला.
दुसऱ्या गोट्यानं कडेकडेनं मारत गेला,
कपच्या उडाल्या, इकडून एक, तिकडून एक.
मंग हे पाय."

धारेजवळ एक बारकी पायरी.
"घाव अडकला. बिघडली. फेकली."

आणि चांगली?

"चांगली वापरून संपली असन, साहेब."

बाहेर सिव्हिल लाइन्सचं ऊन.
तिनं पिशवीतली टाकी चाचपली
आणि जाता जाता
त्या माणसाला एक शिवी दिली,
आपल्यातल्याला देतात तशी.