दगड नंबर सत्तेचाळीस

सत्त्याऐंशीचा मे. परंड्याच्या पुढं,
सीना सोडून हद्द जिथं रानात शिरायची
तिथून आम्ही दगड शोधत निघालो.
हद्द उठून एकोणचाळीस वर्षं झालेली.
साहेबांना जुना नकाशा नव्यावर बसवायचा होता, एवढंच.
इकडं मोगलाई, तिकडं इंग्रजी,
मधे काळा घडीव दगड, कमरेएवढा,
निम्मा जमिनीत.

मी, गफूर शिकलगार साखळीवाला,
आणि फिरकीच्या तांब्यातलं कोमट पाणी.

एक्केचाळीस विहिरीच्या थारोळ्यात चिणलेला निघाला.
बेचाळीसला शेंदूर, लिंबं, कोंबड्याची पिसं.
पुजारी म्हणाला, हात नका लावू, कोपतो.
गफूरनं चपला काढल्या
आणि लांबूनच कोन धरला.
त्रेचाळीस ते शेहेचाळीस
खड्डासुद्धा नाही.
एका ठिकाणी वाकडी बाभळ होती,
तिलाच खूण धरलं, भाजी-भाकरी खाल्ली.

सत्तेचाळीस सोजरबाईच्या न्हाणीत.
त्यावर लुगडं आपटत होती ती,
आम्हाला बघून थांबली नाही.

"बार्शीकडची मी. इंग्रजीतून मोगलाईत दिली.
करोडगिरीच्या नाक्यावर वरात दीड घटका अडली.
रुखवताचे नारळ मोजले मेल्यांनी,
साखरेची पुडीबी सोडून बघितली.
बापाजवळ सगळे कलदार, हिकडं हाली चालायचे.
ह्या दगडाला टेकून त्यानं बदलून घेतले,
माझ्या वट्यात घातले,
आन् तिथूनच माघारी फिरला.
पुढं नाका उठला. लोक कवाडं, पत्रे नेत होते.
मी मालकाला म्हणलं, मला तेवढा दगड आणा."

का, ते आम्ही विचारलं नाही.
तिनंही पिळा घट्ट केला
आणि तारेवर टाकला.

आकडा बघायला पहार लावून उलथवला.
वरचं अंग साबणानं गुळगुळीत, नखही अडकेना.
खाली ओली माती, दोन गांडुळं,
आणि कालच कोरल्यासारखी उर्दू.
गफूर दुसरीपर्यंत त्याच शाळेत शिकलेला.
बोटानं माती काढत म्हणाला,
"अक्षरं उजवीकडून चालतात, साहेब.
आकडा मात्र डावीकडून.
तुमच्यासारखाच."
मग मोठ्यानं वाचला: सैंतालीस.
सोजरबाईनं मान वर केली.
"त्याला नाव बी हाय व्हय?"

वहीत तीन रकाने होते,
जागेवर, पडलेला, गहाळ.
सापडलेला दगड सरकारजमा करून
तहसिलीच्या आवारात न्यायचा, असा हुकूम.
मी पेन्सिल बराच वेळ तशीच धरली.
उन्हानं शिसं मऊ होत नसतं,
पण मला तसं वाटलं.

गहाळ लिहिलं.

गफूरनं बघितलं. काही बोलला नाही,
कडी कडी करत साखळी गोळा केली.

"आता काढलाच हाय तर नीट बसवा," सोजरबाई म्हणाली,
"डाव्या अंगाला हलायचा जरा."
खाली वाळू घातली, चिपा ठोकल्या.
त्या उन्हाळ्यात सोळा गावं मोजली आम्ही,
पाणसळ लावून बसवलेला दगड हा एकच.
बुडबुडा मधोमध येईस्तोवर
गफूर गुडघ्यावर ओणवा होता
आणि ती मागं उभी,
हातात ओला पिळा धरून,
कधी एकदा होतंय म्हणून.