चौदा नंबरची ओळ

चियातुऱ्यात आमच्या इमारतीची लिफ्ट
नाणं टाकल्याशिवाय हलत नाही.
राउटर तेवढा फुकट राबतो,
तळमजल्यावर, मीटरांच्या पेटीशेजारी,
खाणीची काळी भुकटी पाठीवर घेऊन.
त्याची देखभाल माझ्याकडे. मी एल्गुजा.

बावीस बिऱ्हाडं, आणि जगासाठी पत्ता एकच.
आतले आकडे आतच चालतात.
वाझा नऊ, नेस्तान चौदा;
उंबऱ्याबाहेर या आकड्यांना कुणी ओळखत नाही.
म्हणून कुणी बाहेर काही विचारायला निघालं
की राउटर त्याचा घरचा पत्ता पुसतो,
इमारतीचा लावतो,
आणि वहीत एक ओळ लिहून घेतो:
चौदा नंबर, आतला पोर्ट पन्नास हजार सातशे,
बाहेरचा एकसष्ट हजार बारा.
उत्तर एकसष्ट हजार बारावर येतं.
तो ओळ शोधतो, पत्ता उलटा बदलतो,
थेट चौथ्या मजल्यावर.

एकदा वाझाने आणि वरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी
नेमका एकच पोर्ट उचलला.
राउटरने बाईंचा आकडा वाटेत बदलला,
त्यांना पत्ताही लागला नाही.
(लिफ्टमधल्या नाण्यावरून ती दोघं
तीन वर्षं बोलत नाहीत.)

वहीला लांबची आठवण नसते.
बोलणारे गप्प झाले की
थोडा वेळ वाट पाहून ओळ खोडली जाते.
आणि आतून कुणी साद घातली नसताना
बाहेरून आपण होऊन कुणी आलं,
तर त्याच्यासाठी ओळच नसते.
राउटर नाही म्हणत नाही. हो म्हणत नाही.
पॅकेट तिथेच संपतं.

नेस्तान इटलीला गेली, बारी शहरात,
परक्या म्हाताऱ्याला भरवायला, कूस बदलायला.
जाताना खिडकीत कॅमेरा लावून गेली:
मुलगा अभ्यास करताना दिसावा.
दिसेना.
रोज रात्री साडेआठला ती बारीहून दार वाजवायची,
आणि तळमजल्यावर माझं यंत्र
तिलाही आगंतुक समजायचं.

मी लॅपटॉप घेऊन पायरीवर बसलो,
वहीत हाताने एक ओळ लिहिली.
ही खोडायची नाही:
अमुक पोर्टवर जे येईल ते चौदाला द्यायचं,
न विचारता.

गेल्या शरदात ती आली, मुलाला घेऊन गेली.
बाचोने टेबलाचा खण उघडाच ठेवला.
रिकाम्या घराचं वीजबिल बारीहून भरलं जातं.

नियम सांगतो, वापरात नसलेलं दार बंद करावं,
उघड्या पोर्टवर चोर डोळा ठेवून असतात.
मी दोनदा वही उघडली.
दोन्ही वेळा साडेआठला
एकसारखं पॅकेट आलं, ओळ सापडली,
वर गेलं.

पासवर्ड तेवढा मी बदलून दिलाय,
चांगला लांबलचक.
ती म्हणाली, टेबलावर धूळ दिसते हो.
म्हटलं, किल्ली पाठव, पुसून घेतो.
अजून पाठवलेली नाही.